हिरव्या शाईचा रकाना

रजिस्टरात नऊ रकाने छापून येतात.
दहावा मी आखलाय,
भाच्याच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन,
लाल रिफिल संपली होती म्हणून हिरव्यानं.
रेघ मध्येच वाकलीय, तिथं पट्टीला तडा होता.

आढावा बैठकीत साहेबांनी त्यावर बोट ठेवलं,
"सिस्टर, हे फॉरमॅटमध्ये नाही."
नाही, साहेब.
मथळाही माझाच आहे:
छातीवर टाके आहेत का?

आम्रपाली आली तेव्हा हा रकाना नव्हता.
मी वजन घेतलं, बोटातून रक्त घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.
"मागचा काही आजार?" असं विचारलं,
"जेवलात का" विचारावं तसं, पुढच्या बाईकडं बघत.
ती म्हणाली, नाही.

खोटं नव्हती बोलली.
सहाव्या वर्षी, चारठाण्याच्या शाळेत तपासणी झाली,
निळे ओठ सापडले, पुण्याला नेलं,
काळजातलं भोक बुजवलं, अरुंद नळी मोकळी केली,
ओठ गुलाबी झाले,
आणि बापाला सांगितलं, पोरगी बरी झाली.
या दोन शब्दांत तिचा पत्ता हरवला.
वीस वर्षं कुणी बोलावलं नाही, तीही गेली नाही.
फाईल कणगीमागं होती.
अर्धी उंदरांनी वाचली.

सातव्या महिन्यात ती भिंतीला टेकून, बसून झोपू लागली.
पाय सुजले.
सासू म्हणाली, पहिलटकरीण आहे, चालायचंच.
मीही म्हणाले, चालायचंच.
हे लिहून ठेवते. मीही म्हणाले.

मग एकदा बीपीचा पट्टा बांधताना पदर सरला
आणि गळ्याखालून खाली गेलेली पांढरी रेघ दिसली,
उसवू नये म्हणून घातलेल्या दुहेरी शिवणीसारखी.
"अगं, कामून सांगितलं नाहीस?"
"तुम्ही आजार विचारला, मावशी. हा तर बरा झालेला."

नांदेडला मीच घेऊन गेले, सकाळच्या एसटीनं.
काळजाची इमारत वेगळी, बाळंतपणाची वेगळी.
इकडचे म्हणाले, डिलिव्हरीचं तिकडं विचारा.
तिकडचे म्हणाले, हार्टचं लिहून आणा.
मधे चहाची टपरी आणि अकरा पायऱ्या.
तिसऱ्या फेरीला ती पाचव्या पायरीवर बसली,
उरलेल्या सहा मोजत.

भुलीच्या काझी मॅडम डबा घेऊन निघाल्या होत्या.
तिचे पाय बघितले, डबा खाली ठेवला,
शेजारी पायरीवरच बसल्या,
आणि दोन फोन केले, दुसरा जरा मोठ्या आवाजात.

अर्ध्या तासात एका बाकाभोवती तीन डॉक्टर.
एकच कागद:
डाव्या कुशीवर ठेवा.
सलाईन मोजून.
जोर लावायला लावू नका, शेवटी आपण ओढून घेऊ.
बाळंतपण झालं म्हणून नजर काढू नका, पुढचे दिवस जास्त नाजूक.
खाली तीन सह्या.
एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एका बाईसाठी
एवढ्या सह्या पहिल्यांदा बघितल्या.

मुलगी झाली. दोन किलो शंभर.
तिच्याही काळजाचा फोटो काढला, तो बरा निघाला,
म्हणजे खरोखर बरा, तारीख देऊन.
आम्रपाली आता गोळी घेते, हंडा उचलत नाही,
वर्षातून एकदा नांदेडला जाते आणि परत येताना
माझ्यासाठी चिवडा आणते, मला नको असताना.
बाकावरचे तिघं आता गुरुवारी एका टेबलाशी बसतात.
टेबल जुनंच आहे, एक पाय विटेवर.

रकान्यात चारशे बारा वेळा "नाही" लिहिलंय.
"हो" तीनदा.
साहेब म्हणतात, एवढ्यासाठी?

काल अकरावीतली एक पोर लोहाच्या गोळ्या न्यायला आली.
दार लोटून घेतलं, गळ्याचं बटण उघडलं.
"मावशी, मला पण आहे.
लग्न अजून ठरलं नाही.
मी आधीच विचारलं तर चालतं का?"

तिचं नाव कुठल्या रजिस्टरात लिहायचं ते छापलेलं नाही.
मी मागचं कोरं पान उघडलं,
भाच्याला हाक मारली,
पट्टी आण रे.